हिराबायच्या ओटीत काय असायचं

कोलशेतच्या हिराबायने मला हात दिला. हे आधी लिहून मोकळा होतो, कारण पुढे माझा जळफळाट बराच येणार आहे, आणि तो वाचून कुणी म्हणायला नको की या माणसाला केलेलं कळत नाही. कळतं. आज कल्याणात भाताच्या वखारीत मी विश्वासाचा माणूस म्हणून उभा आहे. पेठेतली रोकड माझ्याबरोबर जाते-येते. अंगाशी परवान्याचं सहाबारी पिस्तूल असतं, आणि ते असतं हे रोज माझ्या शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या हमालांनाही ठाऊक नाही. हे सगळं हिराबायचं. जळफळाट तेवढा माझा स्वतःचा.

मी राजापुराकडचा. मराठी तिसरीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. मिसरूड फुटल्यावर गलबतातून मुंबईला आलो. तिथल्या नातेवाइकाने दोन दिवस जेवायला घातलं आणि तिसऱ्या दिवशी ठाण्याचा रस्ता दाखवला. ठाण्याच्या बंदरावर कुणाच्या तरी गोणी राखायचं काम मिळालं. मी गोणीवर बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत राहायचो. कोण थांबला, कोण परत आला, कुणाचा हात घोंगडीत आहे. राखणदारी म्हणून नव्हे. परक्या मुलखात मला सगळ्यांचीच भीती वाटायची.

एके दिवशी होडीतून एक ठेंगणी, रुंद बाई उतरली. काळं लुगडं, मोकळं कपाळ, मिठाने भेगाळलेल्या टाचा. ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"काय बगतंस रं एवढा?"

"काही नाही. कोण कोण जातंय ते."

"कशाला?"

"भीती वाटते."

ती हसली नाही. होडीवाल्याकडे वळून म्हणाली, "यो भितो. मना असाच पायजे."

त्या वेळी मला वाटलं, थट्टा करते आहे. हिराबाय थट्टा करायची ती फक्त तिच्याकडच्या धाकल्याची, हे पुढे कळलं.

कोलशेतच्या खाडीला तिची मिठागरं होती. नवरा असताना मजुरांचे पैसे ठाण्याहून तोच आणायचा. त्याच्याकडे पिस्तूल होतं, पण बांधावर त्याला अडवून मारलं तेव्हा ते होडीतल्या कुलूपबंद पेटीत होतं. ही हकिगत हिराबाय एकाच वाक्यात सांगायची आणि तिच्यापुढे कधी एक शब्द जोडायची नाही. "पिस्तूल पेटीत, चावी कमरेला, आनि मानूस बांधावर." नवऱ्याचे दिवस झाल्यावर तिने पेटी उघडली, पिस्तूल बाहेर काढलं आणि पेटी चुलीत घातली.

शस्त्रांचा कायदा आल्यापासून परवान्याशिवाय हत्यार ठेवायची सोय नव्हती. म्हणून ती ठाण्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. तिथले कारकून म्हणे, "बाई, हे तुम्ही चालवणार?"

"चालवनार नाय. बाळगनार."

"बरं, बाळगणार कुठे?"

"त्या तुमाला सांगला तं बाळगून काय करू?"

आतला साहेब हे दुभाष्याकडून ऐकून इतका हसला की त्याने सही केली. ही गोष्ट मला धाकल्याने सांगितली. तो तेव्हा बरोबर होता. हिराबायच्या अशा सगळ्या गोष्टी मी ऐकलेल्या आणि त्याने पाहिलेल्या. इथूनच दुखणं सुरू झालं म्हणा ना.

धाकल्या तिच्याच गावचा, मिठागरावर जन्म गेलेल्या माणसाचा पोरगा, माझ्याच वयाचा. खांदे दारात मावायचे नाहीत. हसला की सगळे दात दिसायचे. मला 'ए राजापुऱ्या' म्हणायचा. माझ्या तोंडून चुकून घरचं 'माका' निघालं की दिवसभर 'माका भाकरी, माका पानी' करत मिठागर गाजवायचा. हिराबायला तो 'तू' म्हणायचा, तिच्या चुलीवरच्या तव्यातली भाकरी न विचारता उचलायचा. मी पान मांडून वाट बघायचो आणि 'तुम्ही, तुम्ही' करायचो. ती दोघांनाही सारखंच वाढायची. पण मला वाढताना बोलायची नाही.

पहिल्याच दिवशी अंगणात उभी राहून तिने मला विचारलं, "माज्याकडं पिस्तूल हाय. सांग, कुठं?"

मी खालपासून वरपर्यंत बघितलं. पाठीला म्हटलं. नाही. हातातल्या पिशवीत म्हटलं. नाही. धाकल्या ओट्यावर बसून गुडघ्यावर हात आपटत होता. हिराबायने कमरेला खोचलेल्या पदराच्या घडीत हात घातला आणि ते बाहेर आलं. एवढं सावकाश, जसं कुणी सुपारी काढावी.

"नवरा गेल्या बाईची ओटी कोन भरत नाय," ती म्हणाली. "मंग तिच्यान काय हाय त्या कोन बगल?"

पुढे गावातल्या लग्नांत मी ते पाहिलं. सवाष्णींच्या ओट्या नारळ-तांदळांनी भरल्या जायच्या, आणि हिराबाय मांडवाच्या कडेला पोरांत उभी असायची. तिच्याकडे कुणी बघायचं नाही, न बघण्याची रीतच होती. त्या सगळ्या बायकांत सगळ्यांत जड ओटी तिचीच होती. हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक असायचं, मला आणि धाकल्याला. मला एकट्यालाच ठाऊक असतं तर किती बरं झालं असतं.

पावसात मिठागर बंद. मजूर घरोघर जातात. कोकणात जाणारी गलबतंही बंद, त्यामुळे मला घर नव्हतं. हिराबायने ठेवून घेतलं आणि त्या पावसात आम्हा दोघांना शिकवायला बसली. परवान्यावर तिच्या बरोबरच्या एका माणसाचं नाव घालायची मुभा होती. तिचं वय वाढत चाललं होतं, हाताला पहिला जोर नव्हता, तेव्हा परवाना नवा करायच्या वेळी दोघांतल्या एकाचं नाव ती घालणार होती. दुसऱ्याला तिच्याकडे काम नव्हतं. धाकल्याला गाव होतं, बाप होता, खाडी होती. मला ठाण्याचं बंदर आणि परक्याच्या गोणी.

तिचं शिकवणं कवायतीसारखं नव्हतं. दिवसाचे दिवस रिकामं पिस्तूल. आधी उघडून दाखवायची, आम्हा दोघांना काडतुसांच्या घराघरात बोट घालून बघायला लावायची, काडतुसं पलीकडच्या खोलीत ठेवून यायची, मगच हातात द्यायची. काढायचं, ठेवायचं, काढायचं. आधी आडवं आलेलं कापड डाव्या हाताने पूर्ण बाजूला, मग उजवा हात, बोट चापाच्या बाहेर सरळ. घाई केली की हातावर चापट. "घाई चोराला असतं. तू चोर हायस?" मी मासळी साफ करत असलो, धाकल्या जाळं विणत असला, की मध्येच टाळी वाजवायची, त्या टाळीला हातातलं टाकून पिस्तुलावर हात गेला पाहिजे. कपडा बदलला की सगळं पहिल्यापासून. बंडीवर शिकलेला हात अंगरख्यात अडकतो, अंगरख्यावर शिकलेला घोंगडीत. नवं उपरणं घेतलं तर ते अंगावर घालून आठवडाभर तिच्यासमोर नाचल्याशिवाय ती बाहेर पडू द्यायची नाही.

सहा घरांत काडतुसं पाचच भरायची, ज्या घरावर घोडा टेकतो ते रिकामं. "एक घर घोड्याला झोपाला," म्हणायची. खाडीच्या हवेत लोखंडाला आठवड्यात गंज चढतो, म्हणून बार काढल्या दिवशी ते कढत पाण्याने धुवायचं आणि एरवी रोज पुसून तिळाचं तेल. बार मात्र फार थोडे. काडतुसं मोजकी मिळत आणि त्यांचा हिशेब कचेरीत जाई. बांधाच्या चिखलात खापरी रोवायची, आणि प्रत्येक बाराआधी तिचा प्रश्न ठरलेला, "मागं काय हाय?" खापरीच्या मागे काय, चिखलाच्या मागे काय, खाडीपलीकडे कोण. नीट उत्तर दिल्याशिवाय चाप नाही.

आणि वर हेही सांगायची की हे सगळं शेवटचं. "पयले डोलं. मंग पाय, पलाला आला तं पलाचा. मंग तोंड. हात सगल्यांच्या मागनं."

पाऊस सरला आणि मिठागरात पाणी घेतलं की ती आम्हाला बांधाच्या कडेला उभं करायची. त्या पाण्याला लाट नसते, आरशासारखं पडून असतं. त्यात स्वतःला बघायचं. वाकून, बसून, ओझं उचलून, कपड्यातून कुठे काही दिसतं का. धाकल्याच्या अंगात ते दिसायचंच नाही. एवढ्या मोठ्या देहात कुठे जायचं कोण जाणे. माझ्या बरगड्या दिसायच्या, पिस्तूल तर दिसणारच. ते लपवायला मी पोक काढून चालायला लागलो.

"नाय दिसत रं!" ती धाकल्याला म्हणायची. हे तिचं शाबासकीचं बोलणं. यापलीकडे तिच्याकडे शाबासकी नव्हती. मला म्हणायची, "दिसतंय."

माझी दुसरी खोड याहून वाईट. पिस्तूल अंगाशी असलं की माझा हात राहून राहून तिथे जायचा. आहे ना? पडलं नाही ना? हिराबाय लांबून ओरडायची, "हात लावलास! आता सगल्या ठान्याला कलला!" धाकल्याचा हात कधी गेला नाही. तो विसरूनच जायचा की आपल्याकडे काही आहे. टाळी वाजली की मात्र असं निघायचं की बघणाऱ्याने डोळे मिटून उघडेपर्यंत समोर नळी. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मिठाच्या कोठीमागे लाकडाचा तुकडा कमरेला खोचून सराव केला. हात बरा झाला. धाकल्याइतका झाला नाही. तो सराव करायचाच नाही हो! रात्रभर मासे धरायचा, सकाळी येऊन जांभई देत काढून दाखवायचा.

पौषात बांधांच्या डागडुजीची मजुरी आणायची होती. हिराबायच्या उजव्या अंगठ्याची भेग मिठाने चिघळली होती, चिंधी बांधलेली. त्या हाताने घोडा ओढता येणार नव्हता. निघताना तिने आमच्या दोघांकडे बघितलं आणि पिस्तूल धाकल्याच्या हातात दिलं. माझ्याकडे पैशांची पिशवी. ठाण्याला गेलो, कोपरीत तिच्या भाच्याकडे उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कोलशेतचा बांध धरला. एवढी थंडी त्या खाडीला मी पुन्हा पाहिली नाही. धाकल्याने घोंगडी पांघरली होती आणि पिस्तूल बंडीच्या वर, पट्ट्यात खोचलं होतं. तिथून त्याचं लवकर निघायचं.

बांधाच्या वळणावर खारफुटीत दोन माणसं बसली होती. मला ती आधी दिसली. विस्तव नव्हता, जाळं नव्हतं. अशा थंडीत माणूस तिथे उगीच बसत नाही. मी म्हटलं, "बाय, माणसं आहेत." ती जागीच थांबली आणि मागे वळली, पण तोवर ती दोघं बांधावर चढली होती, हातात कोयते.

"पिशवी ठेव खाली," एक म्हणाला.

धाकल्याचा हात निघाला. काय सांगू, त्या घटकेलाही मला वाटून गेलं, काय सुंदर काढतो हा! घोंगडी बाजूला, नळी समोर, चाप. आणि घोडा आळसावल्यासारखा पडला. टक्. पुन्हा ओढला. टक्. बार नाही.

माणसं आधी दचकली आणि मग हसली. एक जण पाऊलभर पुढे आला.

हिराबाय धाकल्याच्या पुढे येऊन उभी राहिली. चिंधी बांधलेला हात तिने सावकाश ओटीत घातला, जसा रोज घालायची तसा, आणि तिथेच ठेवला.

"त्याचा वाजला नाय," ती म्हणाली. आवाज भाजीवालीशी बोलावं तसा. "पोराचा होता. माजा वाजतंय. तुमच्या मागं खाडी हाय, दुसरा कोन नाय. मी बगून घेतलाय."

कुणी हललं नाही. त्या दोघांची नजर तिच्या ओटीवर. ज्या ओटीकडे उभ्या गावात कुणी कधी बघितलं नाही, तिच्याकडे ते बघत राहिले. तिच्या हातावर कापडाची घडी जराशी वर उचलली गेली.

ते बांधावरून उतरले आणि खारफुटीतून चिखल तुडवत निघून गेले. ती त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तशीच उभी होती. मग हात बाहेर काढला. रिकामी चिंधी.

घरी येऊन तिने पिस्तूल उघडलं. घोड्याच्या खाचेत लोण्यासारखं पांढरं काहीतरी दाटलेलं. तिळाचं तेल संपलं होतं, आणि कोलशेतात प्रत्येक कडीकुलपाला, होडीच्या कडीला जे लावतात तेच धाकल्याने आठवडाभर पिस्तुलाला लावलं होतं. खोबरेल. आमच्याकडेही तेच लावतात. मी त्याला लावताना पाहिलं होतं आणि माझ्या मनात काहीच आलं नव्हतं. हिराबायच्या पोटाच्या उबेला ते पातळ राहिलं. धाकल्याने बंडीबाहेर खोचलं, खाडीचा वारा लागला, तेल थिजलं आणि घोडा जोराने पडेना.

धाकल्या अंगणात डोकं धरून बसला. "बाय, मी तुना मारलीच असती गं!"

"तेल संपला त्या मी बगाला पायजे होता," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर तो चिंधीचा हात ठेवला.

मी पिशवी घेऊन दारात उभा होतो. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आता नाव माझंच, असं वाटलं. त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

कचेरीत जायच्या दिवशी तिने नाव सांगितलं ते धाकल्याचं. परत येताना मी मागे मागे चालायला लागलो, तेव्हा म्हणाली, "ज्याचा एकदा वाजला नाय, तो जलमभर तेल बगल. तुना अजून तसं काय झाला नाय."

हा काय न्याय झाला? चुकला तो, नाव त्याचं! मी म्हटलं, "मग मी बंदरावर जातो."

"कशाला? त्या मानसा कोनी बगितली? त्यानं? मी?" ती बांधावर थांबली. "तू भितंस म्हनून बगतंस. यो शिकवाला येत नाय. हात शिकवाला येतंय. तुजा हात मी शिकवीन." आणि मग, मला वाटतं मला बरं वाटावं म्हणून नव्हे तर खरंच तसं होतं म्हणून, "बाकी तू भाकरी जास्त खातंस."

त्या दिवसापासून मी त्यांच्या पुढे चालायचो, हातात काठी. अजून दोन पावसाळे तिने माझा हात घडवला. भाताच्या व्यापाऱ्याला माणूस हवा आहे असं कळलं तेव्हा स्वतः कल्याणला आली आणि वखारीच्या दारात उभी राहून त्याला म्हणाली, "याच्याकडं बगत राहा. कंटालशील. यो तुज्या पैशांकडं बगाला कंटालनार नाय." माझ्या नावाचा परवाना निघाला तो तिच्या शब्दावर.

आता मी सराव मोडत नाही. रोज दार लावून रिकामं पिस्तूल, तिळाचं तेल, नवा कपडा आला की पहिल्यापासून. हात पिस्तुलाकडे जायची खोड मोडली आहे. पोक मात्र राहिलं. चांगलं निघालं की मनात येतं, धाकल्याचं याहून लवकर निघालं असतं.

गेल्या माघात कोलशेतला गेलो होतो. मुद्दाम नवा अंगरखा घातला होता, महिनाभर अंगवळणी पाडलेला. हिराबाय अंगणात बाजेवर बसली होती, वाळली होती. मी तिच्यासमोर नीट उभा राहिलो, वळलो, वाकून पायाला हात लावला, पुन्हा उभा राहिलो.

"बाय, माझ्याकडे आहे. सांगा, कुठे?"

तिने मान वर केली. खालपासून वरपर्यंत चेहरा फिरवला, बराच वेळ. आणि म्हणाली, "नाय दिसत रं."

इतकी वर्षं मी या तीन शब्दांसाठी थांबलो होतो.

धाकल्या मागून आला, तिच्या हातात चहाची वाटी नीट धरवून दिली, बोटं एकेक करून वाटीवर ठेवली, आणि मला कानात म्हणाला, "राजापुऱ्या, तिना आता कायच दिसत नाय. मोतीबिंदू झालाय दोनी डोल्यांना."

होडीत बसल्यावर मी मागे वळून बघितलं. ती बांधावर उभी होती, धाकल्याच्या दंडाला धरून, माझ्या होडीकडे नव्हे, जरा बाजूला बघत. दुसरा हात ओटीवर होता. आता आत काही असेल का नसेल, कोण जाणे.

मुंबईत मोतीबिंदू काढणारे डॉक्टर आहेत, असं वखारीत ऐकलं आहे. एक दिवस मी तिला तिथे घेऊन जाईन. जाताना तिच्या बरोबरचा माणूस मी असेन. धाकल्याला म्हणावं, तू मिठागर सांभाळ. आणि डोळ्यांवरची पट्टी सुटली की ती दुसऱ्या कुणाकडे बघायच्या आत मी तिच्यासमोर जाऊन उभा राहीन आणि विचारीन, सांग बाय, कुठे आहे?